गोळी घेतल्यानंतरचे पंधरा दिवस

पाळी चुकली, घरच्या घरी लघवीची तपासणी केली, पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि हे मूल आत्ता नको असे ठरले, की बहुतेक घरांत पुढचा प्रश्न एकच असतो : गोळ्या कुठे मिळतील? गर्भपाताच्या गोळ्यांविषयीचे आपल्याकडचे बोलणे याच प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. प्रत्यक्षात या उपचारातला सर्वांत सोपा भाग म्हणजे गोळी गिळणे. त्याआधी दिवसांचा हिशेब अचूक असावा लागतो आणि त्यानंतर साधारण पंधरा दिवस प्रकृतीकडे लक्ष ठेवावे लागते. खासगी दवाखान्यात आपण जे पैसे देतो ते मुख्यतः या दोन कामांसाठी असतात, आणि नेमकी हीच दोन कामे घाईत उरकली जातात, असा अनुभव अनेकींना येतो.

कायद्याविषयी संभ्रम मोठा आहे, म्हणून तो आधी दूर केलेला बरा. महाराष्ट्रातील मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये दिलेल्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा तयार झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे गर्भपात आपल्याकडे ठरावीक अटींवर कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान काही विशिष्ट परिस्थितींतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यापुढे केवळ गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे कारण पूर्वी फक्त विवाहितेला सांगता येत असे. आता कायद्यात ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आहेत, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित व अविवाहित असा भेद करता येणार नाही हे स्पष्ट केले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी असते. नवऱ्याची, सासूची किंवा वडिलांची सही कायद्याला लागत नाही. तरीही कित्येक खासगी दवाखाने नवऱ्याची सही मागतात. उद्या नातेवाईक येऊन भांडतील, ही त्यामागची भीती समजण्यासारखी आहे, पण तिला कायद्याचा आधार नाही हे स्त्रीला माहीत असले पाहिजे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची संमती लागते आणि बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यानुसार पोलिसांना कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर येते. मात्र मुलीने व पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख उघड न करता ही माहिती देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात म्हटले आहे.

आता दिवसांचा हिशेब. डॉक्टर गर्भाचे वय संबंधाच्या दिवसापासून मोजत नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. समजा, शेवटची पाळी १ जूनला आली होती. गर्भ प्रत्यक्षात जूनच्या मध्यास राहिला असेल, पण २० जुलैला डॉक्टर ‘सात आठवडे पूर्ण’ असेच लिहितील आणि ३ ऑगस्टला नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस भरतील. भारतात या गोळ्यांच्या एकत्रित पाकिटाला ६३ दिवसांपर्यंतच्या वापरासाठी मंजुरी आहे. ‘मला तर महिनाच झालाय’ असे सांगणारी स्त्री खोटे बोलत नसते. ती चुकलेल्या पाळीपासून मोजत असते, आणि या एका फरकामुळे नऊ आठवड्यांची मर्यादा नकळत ओलांडली जाऊ शकते. पाळी अनियमित असेल, बाळ अंगावर पीत असल्याने पाळी आलीच नसेल किंवा तारीख आठवत नसेल, तर अंदाजावर विसंबून न राहता तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येकीला सोनोग्राफी सक्तीची नाही, परंतु तारखेचा घोळ असेल किंवा गर्भ नळीत असल्याची शंका असेल, तेव्हा ती टाळू नये.

नळीतला गर्भ हा या साऱ्या प्रकरणातला खरा धोका आहे. शंभर गर्भधारणांपैकी साधारण एक-दोन वेळा गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत रुजतो. गर्भपाताच्या गोळ्या अशा गर्भावर काम करत नाहीत. स्त्रीला थोडे अंगावरून जाते, तिला वाटते की काम झाले, आणि नळीतला गर्भ मात्र वाढत राहून एके दिवशी नळी फुटते. ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी येणे ही त्याची लक्षणे आहेत आणि अशा वेळी दवाखान्याऐवजी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते. दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला सगळ्यांत मोठे नुकसान येते ते इथे, कारण गर्भ कुठे आहे हा प्रश्न तिच्यासाठी कोणी विचारलेलाच नसतो.

पाकिटात दोन औषधे असतात. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅमची. गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक जिथे जाऊन काम करते, त्या जागाच ही गोळी अडवून बसते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते आणि गर्भाशयाचे तोंड मऊ पडते. हे औषध फ्रान्समध्ये १९८८ मध्ये आणि भारतात २००२ मध्ये मंजूर झाले. उरलेल्या चार गोळ्या मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या. हे औषध मुळात जठरातल्या व्रणांसाठी तयार झाले होते. त्याने गर्भाशय आकुंचन पावते, कळा येतात आणि आतले सारे बाहेर टाकले जाते. दोहोंमध्ये साधारणतः एक ते दोन दिवसांचे अंतर ठेवतात. पहिल्या गोळीनंतरच काहींना थोडे रक्त दिसते आणि ‘झालेच की’ असे समजून त्या उरलेल्या गोळ्या घेतच नाहीत. गर्भपात अर्धवट राहण्याचे हे एक टाळता येण्याजोगे कारण आहे. रक्त दिसले तरी दुसरे औषध घ्यायचेच असते.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, रक्तगट आणि रक्तदाब पाहणे, आतून तपासणी करणे आणि काही प्रश्न विचारणे अपेक्षित असते. रक्त गोठण्याचा आजार किंवा रक्त पातळ करणारी औषधे, दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचा जुना आजार, या औषधांची ॲलर्जी, हे असेल तर गोळ्यांचा मार्ग टाळतात. गर्भाशयात तांबी (कॉपर-टी) असेल तर ती आधी काढावी लागते. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर घरी रक्तस्राव होऊ देणे धोक्याचे ठरते, आणि आपल्याकडे रक्त कमी असलेल्या स्त्रिया किती आहेत हे सांगण्याची गरज नाही. पूर्वी सिझेरियन झालेले असणे किंवा बाळ अंगावर पीत असणे ही मात्र या सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्या नाकारण्याची कारणे नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असलेल्या स्त्रियांना आपल्याकडे बहुतेक डॉक्टर अँटी-डीचे इंजेक्शन देतात, म्हणजे पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिकार तयार होऊ नये म्हणून दिले जाणारे औषध. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बारा आठवड्यांच्या आत ते आवश्यक नसल्याचे म्हटले आहे, त्यामुळे दोन डॉक्टरांकडून दोन वेगळी उत्तरे मिळाली तर गोंधळून जाऊ नये.

दवाखाना निवडताना एक गोष्ट डोळ्यांनीच तपासता येते. खासगी केंद्राला गर्भपातासाठी जिल्हास्तरीय समितीची मान्यता लागते आणि ते प्रमाणपत्र येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असे लावण्याचे बंधन आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्या लिहून देणारा साधा दवाखाना स्वतः मान्यताप्राप्त नसला तरी चालतो, पण त्या डॉक्टरांपाशी आवश्यक प्रशिक्षण व अनुभव असावा लागतो, आणि गरज पडल्यास रुग्ण पाठवता येईल अशा मान्यताप्राप्त केंद्राशी त्यांची व्यवस्था असल्याचे प्रमाणपत्र तिथे लावलेले असावे लागते. रात्री दोन वाजता रक्तस्राव थांबेना तर कुठे जायचे, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. त्याचे ठोस उत्तर, म्हणजे रुग्णालयाचे नाव आणि चालू असलेला फोन क्रमांक, ज्या दवाखान्यात मिळत नाही तिथे गोळ्या घेऊ नयेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

दुसऱ्या औषधाचा दिवस कामाचा ठेवू नये. हे औषध दवाखान्यात घेऊन चार तास तिथेच थांबता येते, किंवा डॉक्टरांना योग्य वाटल्यास घरीही घेता येते. घरी घ्यायचे तर सोबत जाणते माणूस असावे, शौचालय जवळ असावे आणि वाहनाची सोय असावी. गोळ्या घेतल्यावर काही तासांत कळा सुरू होतात. थंडी वाजते, थोडा ताप येतो, मळमळते, जुलाब होतात. हे औषधाचेच परिणाम असतात आणि बहुधा त्याच दिवशी ओसरतात. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन चालते, त्याने औषधाचा परिणाम कमी होत नाही. पोटदुखी असह्य होईपर्यंत न थांबता ते आधीच घेतलेले चांगले. रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त होतो आणि गाठीही पडतात. बहुतेकींमध्ये पहिल्या चार-पाच तासांत, आणि जवळजवळ सर्वांमध्ये एका दिवसात गर्भ बाहेर पडतो. त्यानंतर अंगावरून जाण्याचे प्रमाण कमी होत होत साधारण आठवडा-दोन आठवडे चालते, आणि काहींना पुढच्या पाळीपर्यंत अधूनमधून डाग दिसतात.

मग काळजी केव्हा करायची? सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. दुसरे औषध घेऊन चोवीस तास उलटले तरी रक्तस्राव झालाच नसेल किंवा अगदी नावापुरता झाला असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, कारण गर्भ टिकून राहिला असण्याची किंवा तो नळीत असण्याची शक्यता त्यात असते. औषधाच्या दिवसानंतरही १००.४ अंशांच्या वर ताप राहणे, दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात सतत वाढत जाणारे दुखणे ही जंतुसंसर्गाची चिन्हे असू शकतात. आपल्या भाषेत ‘अंगावरून जाणे’ आणि ‘अंगावर काढणे’ हे दोन वाक्प्रयोग शेजारी शेजारी नांदतात, आणि पाळीच्या बाबतीत पहिले सुरू झाले की दुसरे करण्याची सवय बायकांना लहानपणापासून लावली जाते; या पंधरा दिवसांत ती सवय महागात पडते.

पंधराव्या दिवशीच्या भेटीला दवाखान्यात ‘फॉलो-अप’ म्हणतात, आणि ती सर्वांत जास्त चुकवली जाते. रक्त थांबले, बरे वाटते, पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढायला मन धजत नाही, कोणी ओळखीचे भेटेल अशी धास्ती असते, गावाहून यायचे तर रोजगार बुडतो. कारणे खरी आहेत. सगळे सुरळीत पार पडले असेल आणि स्त्रीला धोक्याची लक्षणे नीट समजावून दिलेली असतील तर ही भेट प्रत्येकीला अनिवार्य नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही मानते. आपल्याकडच्या पद्धतीत मात्र ती कायम आहे, आणि माझ्या मते ती असावी. गोळ्यांचे यश शंभरात पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव असले, तरी उरलेल्या दोन ते पाच स्त्रियांना आपण त्यांतल्या आहोत हे स्वतःहून कळतेच असे नाही. शंभरातल्या जेमतेम एखादीच्या बाबतीत गर्भ वाढतच राहतो. मिसोप्रोस्टॉलमुळे अशा गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने तो पुढे न वाढवता गर्भपात पूर्ण करून घेण्याचा सल्ला दिला जातो, आणि हे जितके लवकर कळेल तितके सोपे असते.

ही भेट घरच्या लघवीच्या तपासणीने भागत नाही. गर्भपात पूर्ण झाल्यावरही शरीरातले संप्रेरक हळूहळू उतरते, म्हणून ती पट्टी चार आठवड्यांपर्यंत दोन रेघा दाखवू शकते. पंधराव्या दिवशी दोन रेघा पाहून घाबरलेली आणि दुकानातून आणखी एक पाकीट आणून खाणारी स्त्री ही दवाखान्यांना नवी नाही. डॉक्टर त्या दिवशी रक्तस्राव कसा झाला, मळमळ गेली का, दुखते का हे विचारतात आणि आतून तपासून गर्भाशय पूर्ववत होत आहे का ते पाहतात. बहुतेकींमध्ये एवढ्यावर उत्तर मिळते.

इथे खासगी व्यवसायातल्या एका खोडीविषयी बोलणे भाग आहे. पंधराव्या दिवशी सरसकट सोनोग्राफी केली जाते, अहवालात ‘अस्तर जाड आहे’ किंवा ‘आत अवशेष असण्याची शक्यता’ असे लिहून येते आणि लगेच ‘पिशवी साफ करून घ्या’ असे सांगितले जाते. गोळ्यांनंतर काही दिवस गर्भाशयात रक्ताच्या गाठी आणि सुटत असलेले अस्तर दिसणे स्वाभाविक असते; पुढची पाळी ते स्वच्छ करते. अस्तर अमुक इतके मिलिमीटर जाड असेल तर क्युरेटिंग, म्हणजे पिशवी खरवडून साफ करणे, करावेच, असा कोणताही सर्वमान्य आकडा नाही. निर्णय सोनोग्राफीच्या छायाचित्रावरून होत नसतो, स्त्रीच्या लक्षणांवरून होत असतो : रक्तस्राव जास्त आहे का, ताप आहे का, गर्भ वाढताना दिसतो आहे का. ही लक्षणे नसतील तर ‘थांबून पुढच्या पाळीनंतर पाहिले तर चालेल का?’ असे विचारण्याचा स्त्रीला पूर्ण अधिकार आहे. गर्भपात खरोखर अपुरा असेल, तरी मिसोप्रोस्टॉलची आणखी एक मात्रा हा एक पर्याय असतो आणि व्हॅक्यूम ॲस्पिरेशन, म्हणजे मोठ्या सिरिंजसारख्या उपकरणाने हलकेच ओढून घेणे, हा दुसरा. धातूच्या उपकरणाने खरवडण्याची जुनी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने कालबाह्य ठरवली आहे, कारण तिने अस्तराला इजा होऊन पुढे त्रास होऊ शकतो. सगळेच डॉक्टर पैशांसाठी असे करतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. अहवालातला ‘अवशेष’ हा शब्द रुग्णालाही इतका घाबरवतो की तिचे नातेवाईकच ‘एकदाचे साफ करून टाका’ म्हणून आग्रह धरतात.

या भेटीतला दुसरा विषय पुढच्या गर्भधारणेचा. गर्भपातानंतर अवघ्या आठ-दहा दिवसांत बीज सुटू शकते, म्हणजे पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. पाळी चार ते सहा आठवड्यांत येते. तोवर वाट पाहणे हीच चूक असते. गर्भनिरोधक गोळ्या दुसऱ्या औषधाच्या दिवसापासूनही सुरू करता येतात, इंजेक्शन घेता येते आणि तांबी गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर, बहुधा याच पंधराव्या दिवशी बसवता येते. तांबी बसवून घेण्याच्या अटीवरच गर्भपात करून देणे मात्र चुकीचे आहे. पुढे मूल होईल का, ही शंका जवळजवळ प्रत्येकीच्या मनात असते : व्यवस्थित पार पडलेल्या गोळ्यांच्या गर्भपाताने पुढच्या गर्भधारणेला बाधा येत नाही.

एवढे सगळे असूनही देशातल्या बहुतेक स्त्रिया दवाखान्यापर्यंत येत नाहीत. २०१५ या वर्षाच्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले सुमारे ७३ टक्के आरोग्य केंद्राबाहेर गोळ्या घेऊन झाले होते. महाराष्ट्रात याला एक वेगळी किनार आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. त्यानंतर गर्भलिंगनिदानाविरुद्धची मोहीम तीव्र झाली आणि तिच्या ओघात गर्भपाताच्या गोळ्यांवरही करडी नजर आली. अनेक औषध दुकानांनी ही पाकिटे ठेवणेच सोडून दिले. गंमत अशी की या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या, आणि त्या काळात सोनोग्राफीत गर्भाचे लिंग दिसतच नाही. गर्भलिंगनिदानाचा कायदा आणि गर्भपाताचा कायदा हे दोन वेगळे कायदे आहेत, पण लोकांच्या आणि काही अधिकाऱ्यांच्याही मनात त्यांची सरमिसळ झाली, आणि तिचा भुर्दंड चिठ्ठी घेऊन दुकाने पालथी घालणाऱ्या स्त्रीला पडतो.

गुप्ततेची भीती असलेल्यांसाठी नियमांतली एक तरतूद सांगण्याजोगी आहे. गर्भपात करणाऱ्या केंद्रात स्त्रीचे नाव फक्त एका प्रवेश नोंदवहीत लिहायचे असते आणि ती नोंदवही गोपनीय मानली जाते. केसपेपर, शस्त्रक्रियेची वही, एवढेच काय, फॉलो-अपचे कार्डही तिच्या नावाने नव्हे तर अनुक्रमांकाने भरायचे असते. संमतीपत्र आणि डॉक्टरांचे मत मोहोरबंद पाकिटात ठेवून त्यावर ‘गुप्त’ असे लिहिण्याचा नियम आहे. २०२१ पासून ही माहिती अधिकार नसलेल्या व्यक्तीला देणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. केंद्राच्या स्वागतकक्षात मोठ्या आवाजात नाव आणि ‘कशासाठी आलात’ विचारले जात असेल, तर तक्रार करण्यासारखी ती गोष्ट आहे. नोकरदार स्त्रीने मात्र स्वतःसाठी एक प्रमाणपत्र अवश्य मागून घ्यावे : सामाजिक सुरक्षा संहितेखाली (नोव्हेंबर २०२५ पूर्वी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या नवव्या कलमाखाली) पात्र कर्मचारी स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि ती मागायची तर पुरावा द्यावा लागतो.